टेलिग्राफ रोड, व्हाया पोखर्णी

मार्क नॉफ्लरची गिटार ऐकली मुंबईत, गाणं उमगलं परभणी-गंगाखेड रस्त्यावर. एका जुन्या गाण्याची आणि त्याहून जुन्या गावाची ही एकत्र सफर!

रॉकच्या चाहत्यांना पोखर्णी माहीत नसते आणि पोखर्णीला येणाऱ्या भाविकांना रॉक. त्यावाचून दोघांचंही काही अडत नाही. परभणीहून गंगाखेडला निघालात की साधारण अठरा-वीस किलोमीटरवर हे गाव लागतं. नृसिंहाचं जुनं देऊळ, छोटंसं रेल्वे स्टेशन, रस्त्याला टेकून उभी टपऱ्यांची रांग आणि चारही बाजूंना काळीभोर जमीन. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही परभणीकर छाती फुगवून म्हणतो खरं, पण वीकेंड डेस्टिनेशनच्या कुठल्याही गुळगुळीत यादीत पोखर्णीचं नाव सापडायचं नाही.

तरीही माझं ऐका. या रस्त्यावरून एकदा जा, आणि जाताना कानात डायर स्ट्रेट्स लावा. का, ते सांगतो. पण त्यासाठी आधी मुंबईला जावं लागेल, तेही वीसेक वर्षं मागे.

बीकेसीतली एक संध्याकाळ

मार्च २००५. मार्क नॉफ्लर मुंबईत वाजवणार अशी बातमी आली आणि आमच्यात एकच कल्ला झाला. तोवर आपल्याकडे मोठी नावं यायला लागली होती. एप्रिल २००३ मध्ये रोलिंग स्टोन्सनी ब्रेबॉर्न स्टेडियम गाजवलं होतं. पण नॉफ्लर म्हणजे आमच्यासाठी घरचा माणूस!

त्याचं असं झालं, परभणीला कृषी विद्यापीठाच्या होस्टेलवर टीडीकेची एक नव्वद मिनिटांची कॅसेट फिरायची. कुणी भरून आणली, कुणालाच ठाऊक नाही. एका बाजूला 'लव्ह ओव्हर गोल्ड', दुसऱ्या बाजूला 'ब्रदर्स इन आर्म्स'. दुसरा अल्बम पंचेचाळीस मिनिटांत मावायचा नाही, त्यामुळे शेवटचं गाणं ऐन रंगात आलं की खट्! कॅसेट संपली. ते गाणं संपतं कसं, हे मला किती तरी वर्षं माहीतच नव्हतं. आता तो माणूस स्वतः येऊन ते पूर्ण वाजवणार होता. मग काय विचारता!

आम्ही तिघं रात्री परभणीला देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसलो आणि सकाळी दादरला उतरलो. दिवस काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये सीडी चाळण्यात गेला. (ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं. आमच्या पिढीच्या किती तरी दुपारी त्याच्याबरोबर गेल्या.) संध्याकाळी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर पोचलो तेव्हा पायाखाली धूळ होती आणि हवेत मार्चचा उकाडा. गर्दी मोठी मजेशीर. एकीकडे ऑफिसातून थेट आलेले, टाय खिशात कोंबलेले चाळिशीचे काका, दुसरीकडे आयटीतली नवी पोरं, आणि मध्येच कॉलर ताठ करून उभी आमची मराठवाडा गँग.

नॉफ्लर आला तेव्हा स्फोट नाही, धूर नाही, उड्या नाहीत. पंचावन्न वर्षांचा माणूस, साधा शर्ट. ऐंशीच्या दशकातली ती फेमस कपाळपट्टी गेलेली, तिच्याबरोबर केसही बरेचसे गेलेले! आला, गिटार खांद्याला लावली आणि कामाला लागला. एखादा जुना सुतार दुकानाचं फळकूट उघडून रंधा हातात घेतो ना, अगदी तसं.

माझी नजर होती त्याच्या उजव्या हातावर. बहुतेक रॉक गिटारिस्ट पिक वापरतात, म्हणजे प्लॅस्टिकची ती छोटी टिकली. नॉफ्लर नुसत्या बोटांनी वाजवतो, अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं. त्यामुळे त्याचा सूर कधी गुदगुल्या करतो, कधी टपली मारतो, पण कानशिलात लगावत नाही. गंमत म्हणजे हा माणूस मुळात डावखुरा, तरीही गिटार उजव्या हाताची वाजवतो.

आणि हाच हात दोन वर्षांपूर्वी निकामी व्हायची वेळ आली होती. मार्च २००३ मध्ये लंडनच्या रस्त्यावर त्याच्या मोटरसायकलला अपघात झाला. कॉलरबोन मोडलं, खांद्याचं हाड मोडलं, सात बरगड्या मोडल्या. पुढचे सात महिने त्याला गिटार वाजवता आली नाही. मुंबईचा कार्यक्रम होता तो त्यातून उठल्यानंतरच्या दौऱ्यातला. हे डोक्यात ठेवून ऐकलं की प्रत्येक सुराला जरा जास्तच टाळ्या पडतात.

सुलतान कोण?

मग आलं 'सुलतान्स ऑफ स्विंग'. पहिल्या दोन सुरांतच मैदान ओळखून चुकलं.

या गाण्याची जन्मकथा फक्कड आहे. सत्तरच्या दशकात लंडनमधल्या डेप्टफर्ड भागात नॉफ्लर एका पबमध्ये गेला. कोपऱ्यात एक जुन्या वळणाचा जाझ बँड वाजवत होता. समोर ऐकायला जेमतेम चारदोन डोकी, त्यांचंही लक्ष नाही. कार्यक्रम संपल्यावर कळलं की या कळकट कपड्यांतल्या मंडळींच्या बँडचं नाव 'सुलतान्स ऑफ स्विंग'! नॉफ्लरला त्याची गंमत वाटली आणि गाणं सुचलं. आधी त्याने ते दुसऱ्या एका गिटारवर बांधलं तेव्हा त्याला स्वतःलाच ते मिळमिळीत वाटत होतं. १९७७ मध्ये स्ट्रॅटोकास्टर गिटार हातात आली आणि गाण्यात जान आली. तोवर हा गडी वर्तमानपत्रात बातमीदार होऊन गेला होता, कॉलेजात इंग्रजी शिकवून झालं होतं, आणि खिशात दमड्या नव्हत्या. बँडचं नाव 'डायर स्ट्रेट्स' ठेवलं तेही त्यामुळेच. मराठीत म्हणायचं तर 'पार कडकी'!

म्हणजे बघा, जगभर गाजलेलं हे गाणं आहे न गाजलेल्या लोकांबद्दलचं. ऐकणारं कुणी नसताना मन लावून वाजवणाऱ्यांबद्दलचं. ही गोष्ट जरा लक्षात ठेवा, पोखर्णीला गेल्यावर लागणार आहे.

घरी सीडी असताना तीच गाणी ऐकायला माणसं रात्रभर रेल्वेने का येतात, असा प्रश्न मला त्या मैदानात पडला होता. त्याचं उत्तर मिळालं ते याच गाण्यात. १९७८ च्या अल्बममध्ये 'सुलतान्स' चटपटीत, नेटकं आहे. १९८४ च्या 'अल्केमी' या लाईव्ह अल्बममध्ये तेच गाणं दहा मिनिटांच्या वर जातं, तुफान पळतं. आणि २००५ मध्ये? पंचावन्नचा नॉफ्लर ते ऐटीत, दमाने वाजवत होता. जिथे पूर्वी दहा सूर होते तिथे सहाच, पण ते सहा असे मोजून की उरलेले चार आपणच मनात भरावेत. अठ्ठाविशीत लिहिलेलं गाणं त्याच्याबरोबर मोठं झालं होतं. आपणही झालो होतोच की! ही भेट रेकॉर्डिंगमध्ये कुठून होणार?

चौदा मिनिटांचं गाव

आणि मग पियानो. सावकाश, लांबून येणाऱ्या गाडीसारखा. शेजारचा मित्र नुसता म्हणाला, "आलं."

'टेलिग्राफ रोड'.

१९८२ च्या 'लव्ह ओव्हर गोल्ड' अल्बममधलं हे पहिलंच गाणं चौदा मिनिटांचं आहे. सगळ्या अल्बममध्ये मिळून गाणी पाच! रेडिओवाल्यांना न परवडणारा हा कारभार नॉफ्लरने केला तो एका रस्त्यासाठी. अमेरिकेच्या दौऱ्यात त्यांची बस डेट्रॉइटजवळ टेलिग्राफ रोड नावाच्या लांबलचक रस्त्यावरून जात होती. पूर्वी त्याच्या कडेने तारायंत्राचे खांब होते म्हणून ते नाव. नॉफ्लरच्या हातात तेव्हा क्नूट हामसून या नॉर्वेजियन लेखकाची 'ग्रोथ ऑफ द सॉइल' कादंबरी होती. ओसाड रानात एक माणूस येऊन जमीन कसायला लागतो आणि त्याच्याभोवती वस्ती उभी राहते, अशी ती गोष्ट. खिडकीबाहेरचा रस्ता आणि मांडीवरचं पुस्तक, दोन्ही एकमेकांत मिसळलं आणि गाणं तयार झालं.

गाण्यात आधी एकटा माणूस येतो आणि मुक्काम ठोकतो. मागोमाग आणखी माणसं येतात. वस्ती होते, देऊळ-शाळा होते, वकील येतात, कायदा येतो, रेल्वे येते, रस्ता रुंद होतो. आणि मग एक दिवस काम संपतं. कारखान्यांना टाळी लागतात, आणि ज्या रस्त्याने माणसं आली होती त्याच रस्त्याने निघून जावंसं कुणाला तरी वाटायला लागतं. हे गाणं आलं तेव्हा अमेरिकेतली मोटारींची राजधानी डेट्रॉइट धापा टाकत होती, आणि नॉफ्लरच्या ब्रिटनमध्ये बेकारांचा आकडा तीस लाखांच्या पुढे गेला होता. त्यामुळे कडवी सगळी अमेरिकेची असली तरी दुखणं घरचंही होतं.

शब्द संपतात तरी गाणं संपत नाही. शेवटची काही मिनिटं नुसती गिटार. आधी चालणारी, मग पळणारी, मग अक्षरशः उधळलेली. बीकेसीच्या त्या मैदानावर हजारो माणसं चिडीचूप उभी होती. भोवती काचेच्या नव्या इमारतींचे सांगाडे, लांबवर ट्रॅफिक. मी डेट्रॉइट कधी पाहिलेलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर आला तो परभणी-गंगाखेड रस्ता. दोन्हीकडे कापूस, मध्ये डांबराची काळी पट्टी, आणि पोखर्णीच्या फाट्यावर बॅगा घेऊन पुण्याच्या गाडीची वाट बघणारी पोरं.

शेवटी 'ब्रदर्स इन आर्म्स' झालं. या वेळी कुठे खट् झालं नाही. शेवटचा सूर विरेपर्यंत ऐकलं.

पोखर्णीच्या वाटेवर

तेव्हापासून परभणीला गेलो की एक फेरी पोखर्णीला ठरलेली. परभणीच्या स्टँडवरून गंगाखेडकडे जाणारी एसटी पकडायची, खिडकीची जागा धरायची आणि गाणं लावायचं. 'टेलिग्राफ रोड' दोनदा ऐकून होतं आणि तिसऱ्यांदा पियानो सुरू झाला की गाव येतं. एसटीचा वेग मोजायचं माझं हे खासगी माप!

शहर मागे पडलं की जमीन काळी होत जाते. पावसाळ्यानंतर गेलात तर एकीकडे सोयाबीनची काढणी, दुसरीकडे कापसाची बोंडं फुटलेली, मध्ये तुरीचे पट्टे. उन्हाळ्यात गेलात तर नुसत्या भेगा. ही कापसाची काळी जमीन पाऊस पडला की पायाला सोडत नाही आणि तापली की अख्खा पाय आत जाईल एवढी फाटते. इथल्या माणसांचा स्वभावही थोडा तसाच म्हणायला हरकत नाही.

गावात उतरलं की पहिली दुकानं नारळ, फुलं, पेढे, रेवड्यांची. मग देऊळ. हेमाडपंती बांधणीचं, दगडी. आतला गार काळोख बाहेरच्या उन्हाला क्षणात विसरायला लावतो. गाभाऱ्याचं दार इतकं ठेंगणं की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. कंपनीतले साहेब असोत नाहीतर आमदार, सगळ्यांना तेवढंच वाकावं लागतं. नृसिंह म्हणजे खांब फोडून आलेला, हिरण्यकशिपूला उंबऱ्यावर फाडणारा उग्र देव. पण इथे येणारे त्याला घरातल्या तापट पण प्रेमळ आजोबांसारखं वागवतात. मराठवाड्यातल्या कित्येक घराण्यांचं हे कुलदैवत. लग्न झालं की जोडी इथे येणार, बाळ झालं की बाळ येणार. वैशाखात नृसिंह जयंतीला तर पाय ठेवायला जागा नसते.

पोखर्णी हा शब्द मला कायम पुष्करिणीच्या जवळचा वाटतो. पुष्करिणी म्हणजे तळं. म्हणजे आधी पाणी असणार. पाण्यापाशी कुणीतरी ओझं उतरवून थांबलं असणार. मग देव आला, देवामागे माणसं, माणसांसाठी दुकानं, मग सडक, मग रेल्वेचे रूळ आणि रुळांच्या कडेने तारेचे खांब. नॉफ्लरच्या गाण्यातली पहिली कडवी इथे जशीच्या तशी लागू पडतात. फरक एवढाच की डेट्रॉइटला हे सगळं दीडदोनशे वर्षांत झालं, इथे त्याला शतकं लागली.

आणि शेवटचं कडवं? तेही सुरू झालेलं आहे. चहाच्या टपरीवर बसा, अर्ध्या तासात कळतं. ज्याच्या-त्याच्या घरातला एक जण चाकणला, एक रांजणगावला, एखादा हुशार निघाला तर हिंजवडीला. पाऊस दगा देतो, कापसाचा भाव दगा देतो, मग रात्रीची ट्रॅव्हल्स तेवढी वेळेवर येते. २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. ज्या भागात पाणी गाडीने येतं तिथून माणसं गाडीने जाणारच. आपल्यातले कितीतरी जण असेच आलेत. पुण्या-मुंबईच्या ऑफिसात शेजारच्या क्युबिकलमध्ये विचारून बघा, कुणाचं तरी गाव या रस्त्यावर निघेल.

सात जोड टाळ

अलीकडच्या एका फेरीत परतीच्या एसटीला वेळ होता. देवळाच्या बाजूला ओट्यावर भजनाची मांडामांड चालू होती. सतरंजी, टाळ, एक पखवाज. कडेला वीणा गळ्यात अडकवून एक बाबा बसले होते. ऐंशीच्या घरातले. डोक्यावर पांढरा पटका, कपाळाला बुक्का. माझ्या कानातल्या वायरीकडे ते बराच वेळ बघत होते.

"काय ऐकायलास रे?"

"गिटार आहे बाबा. इंग्रजी गाणं."

"आन इकडं."

एक इअरफोन त्यांना दिला. गाणं शेवटाकडे आलं होतं, शब्द संपलेले, नुसती गिटार चालू. बाबांनी डोळे मिटले. मांडीवर तर्जनी आपोआप हलायला लागली. थोड्या वेळाने म्हणाले, "बोटानं वाजवायलाय गड्या. नखी न्हाई ह्याच्याकडं."

मी चाट पडलो! आमच्या शहरातल्या भल्याभल्या गिटारवाल्यांना ही गोष्ट सांगावी लागते. बाबांनी वीणेच्या तारेवर आयुष्यभर तर्जनी फिरवलेली. नुसत्या बोटाचा सूर मऊ येतो, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"म्हातारा हाय का?"

"पंच्याहत्तरी उलटली त्याची."

"मंग ल्हानच हाय की! काय म्हनतो गान्यात?"

मी सांगितलं. एक माणूस रानात येतो, वस्ती करतो. गाव होतं, रस्ता होतो, रेल्वे येते. मग कामधंदा बसतो आणि माणसं निघून जायला लागतात.

"मंग पुढं?"

"पुढं काही नाही बाबा. पुढं नुसती गिटार वाजते."

बाबा क्षणभर थांबले. इअरफोन काढून माझ्या हातात ठेवत म्हणाले, "बराबर हाय. मंग बोलायला काय ऱ्हातंय!"

चौदा मिनिटांच्या त्या गाण्यावर मी बरंच काही वाचलंय. एवढ्या थोडक्यात कुणी सांगितलेलं आठवत नाही.

मग भजन सुरू झालं. पखवाज एका नववीतल्या मुलीच्या मांडीवर होता. डाव्या तोंडाला कणकेचा गोळा थापून तिने दोनचार थापा मारून बघितल्या आणि मान डोलावली. तिचे वडील मंडळाचे खरे पखवाजी. ते चाकणला एका कंपनीत आहेत, एकादशीला सुट्टी मिळाली तर येतात. आल्यावर तेवढ्या वेळात तिला शिकवून जातात, बाकीचं ती फोनवर विचारते. गाणारे-वाजवणारे मिळून सात. ऐकणारे म्हणाल तर मी, फुलांच्या दुकानातला एक मुलगा आणि खांबाला टेकून झोपलेले एक आजोबा.

डेप्टफर्डचा तो पब आणि हा ओटा, यात मला काडीचा फरक दिसेना. सुलतान इथेही होते!

पहिलाच अभंग जनाबाईंचा. गंगाखेड ही जनाबाईंची जन्मभूमी, इथून वीसेक किलोमीटरवर. म्हणजे गाणं अगदी शेजारच्या गावचं आणि वय सातशे वर्षांच्या आसपास. आपण पन्नास वर्षांच्या गाण्याला क्लासिक म्हणतो! हाच अभंग मागच्या फेरीत मी बाबांकडूनच ऐकला होता, पण चाल थोडी वेगळी वाटली. मध्ये थांबल्यावर विचारलं.

"रोज तीच कशी म्हनायची? गळा काय रोज तोच असतोय?"

"आणि माणसं? पूर्वी जास्त असतील ना?"

"असायची की. ओटा पुरायचा न्हाई." बाबांनी टाळांकडे हात केला. "आता सात जन हाव. टाळबी सात जोड हायेत. भागतंय!"

तक्रारीचा सूर नव्हता, हिशोबाचा होता. लगेच पुढचा अभंग सुरू झाला. तोवर माझी एसटी आली आणि गेली, पुढची एक तासाने होती. बसलो.

आठवा माणूस

नॉफ्लरने २०१९ नंतर मोठा दौरा केलेला नाही. आता दौरे नकोत, असं त्याने स्वतःच सांगितलंय. जानेवारी २०२४ मध्ये लंडनला क्रिस्टीजने त्याच्या सव्वाशेच्या आसपास गिटार आणि अँप लिलावात काढले आणि त्यांचे ८८ लाख पौंडांच्या वर आले. त्यातला चौथा हिस्सा त्याने समाजसेवी संस्थांना दिला. त्याच वर्षी 'वन डीप रिव्हर' हा नवा अल्बमही आला, म्हणजे हात थांबलेले नाहीत. पण बीकेसीच्या धुळीत उभं राहून ऐकलेलं 'टेलिग्राफ रोड' आता कुणाच्या वाट्याला येईलसं दिसत नाही. मला ती रात्रभराची देवगिरी आठवते आणि तिकिटाचे पैसे वसूल झाले असं वाटतं. त्यामुळे तुमच्या आवडीचा कुणी जुना वाजवणारा जवळपास येत असेल तर पुढच्या वर्षी बघू म्हणू नका. सुट्टी टाका आणि जा.

हेच पोखर्णीच्या त्या ओट्याबद्दल. त्याचं तिकीट नाही, पोस्टर नाही, साउंड चेक नाही. वीणा ऐंशीच्या हातात आहे, पखवाज नववीतल्या. या दोघांच्या मधली अख्खी पिढी चाकणच्या शिफ्टमध्ये आहे. ती पिढी परत येईल की नाही, माहीत नाही. नाही आली तर तिला दोष देणाऱ्यातला मी नाही, मीही त्याच गाडीने गेलेलो. पण गेलेल्यांनी अधूनमधून येऊन बसायला काय हरकत आहे? टाळ सात जोड आहेत आणि वाजवणारे सात. आठव्या माणसाला वाजवता आलं नाही तरी चालतं. त्याने फक्त ऐकायचं.

जायचं असेल तर...

कसं जाल? मुंबईहून देवगिरी किंवा नंदिग्राम एक्सप्रेसने परभणी. तिथून गंगाखेडकडे जाणारी एसटी घ्या आणि पोखर्णीला उतरा. परभणी-परळी रेल्वेमार्गावर 'पोखर्णी नृसिंह' नावाचं स्टेशनही आहे, पण तिथे थांबणाऱ्या गाड्या मोजक्या, वेळापत्रक बघून ठरवा.

कधी जाल? पाऊस संपल्यापासून थंडी संपेपर्यंत. गर्दीचा आणि उन्हाचा दोन्हीचा शौक असेल तर वैशाख शुद्ध चतुर्दशीला, नृसिंह जयंतीला.

पुढे काय? गंगाखेडला गोदावरीचा घाट आणि जनाबाईंचं स्थान. आणखी पुढे परळीला वैजनाथाचं ज्योतिर्लिंग. एका दिवसात आरामात होतं.

कानात काय? जाताना 'लव्ह ओव्हर गोल्ड', घाई नसेल तर 'अल्केमी'. येताना इअरफोन खिशात ठेवा. संध्याकाळची एसटी भरलेली असते आणि शेजारचा माणूस गप्पा मारणारच. "कुनीकडं चाललाव?" असं विचारलं की नीट सांगा. पुढचे चाळीस मिनिटं तुम्हाला दुसरं काही ऐकायची गरज पडणार नाही.